उघड्या बाटलीवरून हात

वहिनीला घाई करता येत नसे. तो आळस नव्हता, ती तिची नोकरी होती. औषधांच्या एका कारखान्यात इंजेक्शनं भरायच्या खोलीत ती सतरा वर्षं उभी होती. तिथे काचेच्या छोट्या बाटल्या उघड्या तोंडाने पट्ट्यावरून सरकत येतात, आणि त्या भरून त्यांना बूच बसेपर्यंत माणसाने शक्यतो माणसासारखं वागायचं नसतं. चालायचं ते हळू, कारण झपकन चाललं की हवा ढवळते. बोलायचं नाही. हात छातीशी धरायचे, खाली सोडायचे नाहीत. आणि काहीही झालं तरी उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, हातावरचा कण आत पडला तर तो सुईतून थेट रुग्णाच्या अंगात जातो. एखादी आडवी झाली तर होऊ द्यायची, थांबायचं, लांब चिमटा घ्यायचा आणि बाजूने जाऊन उचलायची. आग लागली तरी आपण बाजूबाजूनेच पळू, अशी तिथल्या लोकांची थट्टा होती.

कारखान्यात तिला सगळे कासव म्हणत, आणि ते कौतुक होतं. घरी सासूही तेच म्हणायची, ते कौतुक नव्हतं. “ही वाढायला लागली की भूक मरून जाते,” असं ती पाहुण्यांना सांगायची. पाहुणे हसायचे. वहिनीही हसायची, पण तोवर विषय बदललेला असायचा.

मग कारखाना बंद पडला. मालक बदलले, यंत्रं विकली गेली, माणसं तेवढी कुणाला नको होती. वहिनीला वाटलं होतं, आपण रडू. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. सकाळी जाग आली की हात आपोआप छातीशी जायचे, मग आठवायचं की आता कुठे जायचं नाही. पुढेपुढे त्या आठवण्याचंही काही वाटेनासं झालं. नवरा विचारायचा, “बरी आहेस ना?” ती हो म्हणायची. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

या धंद्यात वर्षभर बाहेर राहिलेल्या माणसाचा हात गेला, असं धरतात. वर्ष उलटायच्या आत दुसरीकडे तसलीच खोली मिळाली तर ठीक, नाहीतर दिराच्या दुकानात गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं. दीर चांगला होता. खुर्चीही चांगली होती, गादीची. पण त्या खुर्चीवर बसलं की तुला काय येतं, असं पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. वहिनीला त्या खुर्चीची भीती वाटायची. सध्या तिला वाटत असलेली ही एकच गोष्ट होती.

अर्ज जात होते, बोलावणीही येत होती. पण सगळीकडे पद्धत एकच. आधी एचआरच्या माणसाशी बोलायचं, तो पास करेल तर खोलीच्या दारापर्यंत जायचं. वहिनी दारापर्यंत पोचतच नव्हती. अनुभव उत्तम आहे, पण एनर्जी वाटत नाही, असं एकाने कळवलं. दुसऱ्याने तेच जरा गोड करून कळवलं. बाकीच्यांनी कळवायची तसदीही घेतली नाही.

धाकटी नणंद लोकांना नोकऱ्या लावून द्यायच्या ऑफिसात कामाला होती. तिने वहिनीचा ताबाच घेतला.

“वहिनी, तू पुतळ्यासारखी बसतेस. समोरचा म्हणतो, स्वतःबद्दल सांगा, आणि तू नुसती बघत राहतेस त्याच्याकडे.”

“विचार करत होते.”

“त्याचे पैसे नाही मिळत. हस. प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू कर. आणि ते हात खाली घे आधी. नमस्कार करतेयस की थंडी वाजतेय, तेच कळत नाही.”

नणंदेचं म्हणणं असं, की चपळाई आधी हातात यावी लागते, मग ती जिभेवर येते. हे शास्त्र तिने कुठून आणलं देव जाणे. ती ओट्यावरचा पेला बोलता बोलता कडेला ढकलायची आणि तो पडायच्या आत वहिनीने झेलायचा. सुरुवातीला वहिनी पडणाऱ्या पेल्याकडे शांतपणे बघत राहायची. दोन काचेचे फुटले, मग स्टीलचे आणले. त्यांचा खणखणाट शेजारी ऐकू जाई. हळूहळू तिचा हात सुटायला लागला. मग पेला हलायच्या आधीच जायला लागला. बोलणंही भरभर व्हायला लागलं, हसू मागायच्या आत येऊ लागलं. सासू खूश झाली. “नोकरी गेली आणि बाई कामाची झाली,” ती म्हणाली.

वर्ष भरत आलं तेव्हा एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं. एचआरचा पोरगेला माणूस टेबलापलीकडे बसला होता. वहिनी हसली, हातवारे केले, त्याचा प्रश्न तोंडातून काढून घेऊन उत्तरं दिली. तिला आपला आवाज बाजूच्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. “आम्हाला अशीच फ्रेश माणसं हवीत,” तो म्हणाला आणि त्याने प्रात्यक्षिकाची तारीख दिली. वहिनीने घरी सांगितलं. घर आनंदलं. आपल्यालाही आनंद झाला असेल, असं ती धरून चालली.

प्रात्यक्षिकाला खोलीचा प्रमुख काचेपलीकडे उभा होता, केस पिकलेला, कमी बोलणारा. वहिनीने कपडे चढवले. टोपी, बुरखा, चष्मा, हातमोजे, कुठे कातडी दिसत नाही, कुठे कापड जमिनीला लागत नाही. दार सरकलं. हवेचा तो एकसुरी आवाज कानावर आला आणि कित्येक महिन्यांनी वहिनीला बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं. इतकं, की डोळे भरून येतील म्हणून तिने ते पट्ट्यावर लावून धरले.

चाचणीपुरतं नुसतं पाणीच भरत होते. बाटल्या येत होत्या, पुढे जात होत्या. मग पलीकडच्या रांगेतली एक अडखळली आणि कलली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. वहिनीची जिवंतपणी गेली होती. बाटली आडवी व्हायच्या आत तिच्या हातात होती. झेलली, या आनंदात तिचा एक क्षण गेला. मग तिने खाली पाहिलं. तिचा आख्खा हात उघड्या बाटल्यांच्या रांगेवर आडवा पसरला होता.

“बाहेर या,” भिंतीतल्या स्पीकरमधून आवाज आला.

कपडे उतरवून ती बाहेर आली. प्रमुखाने तिला बाकावर बसायला सांगितलं, स्वतः शेजारी बसला. तो रागावला असता तर सोपं गेलं असतं.

“कपडे घालताना बघत होतो तुम्हाला,” तो म्हणाला. “एक चूक नाही. मी मनात तुम्हाला घेऊनही टाकलं होतं.”

त्याच्या जागी वहिनी असती तर तिनेही असल्या बाईला आत पाय ठेवू दिला नसता.

“तुमच्या जुन्या कारखान्यात चालायचं हे?”

“नाही. तिथे उभं केलं नसतं मला.”

“मग हा हात शिकलात कुठे?”

वहिनीने प्रश्न पूर्ण संपू दिला. थोडा वेळ विचार केला, आधी करायची तसा.

“नोकरी शोधताना,” ती म्हणाली.