चढावरचा दम

मित्रांनो, मी पाण्याचा एक जुना टँकर आहे. वाळूजच्या एका शेडमागे गंजत उभा आहे. काम संपले, तरी मला स्वस्थता नाही.

दुष्काळाच्या सालात माझे मालक काकासाहेब यांनी मला मालट्रकचा टँकर केले. शहर पुंडलिकनगरच्या पुढे पसरत चालले होते. नळ मात्र मागेच राहिले होते. खंडेराव माझा चालक. चाऱ्यावाचून घरची मेंढरे गेली, म्हणून तो शहरात आला होता. रोज सकाळी आम्ही हर्सूलपलीकडच्या एका वस्तीचा चढ चढायचो. बाया घागरी घेऊन मागून चालत यायच्या. सर्वांत पुढे म्हातारी गोजरबाई. मी थांबलो की ती मागच्या चाकाला दगड लावायची आणि खंडेरावला म्हणायची, "उतर लेकरा, आधी तू पाणी पी."

इंजिनात हवा नेणारा लांब, अरुंद पाइप काढून आखूड, रुंद बसवला की गाडी पळते, असे कुणीतरी काकासाहेबांना सांगितले. त्यांनी तो बसवला. माझा आवाज असा घुमू लागला की खंडेरावही खूश झाला. सपाट रस्त्यावर मी खरेच पळायचो. पण नवा पाइप इंजिनाशेजारची तापलेली, विरळ हवा ओढायचा. जुन्या पाइपातून संथ चालीतही हवा जोराने आत यायची. आता तो जोर गेला. भरल्या पोटी, पहिल्या गिअरात चढताना माझी छाती रिकामी व्हायची आणि काळा धूर निघायचा.

खंडेराव म्हणाला, "मालक, गाडीचा खालचा दम गेलाय. चढावर बंद पडंल."

"व्हय, बदलू. पण आज गाडी उभी केली तर वस्तीला पाणी कोण देईल?"

खंडेरावने गाडी सुरू केली. त्यालाही त्या घागरी दिसत होत्या.

त्याच सकाळी चढाच्या मध्यावर म्हैस आडवी आली. आम्ही थांबलो. पुन्हा निघताना मी गुदमरलो आणि इंजिन बंद पडले. पाण्याचे ओझे मला मागे खेचू लागले. ब्रेक धरेनात.

"सरका! बाया हो, सरका!" खंडेराव ओरडला.

बाया लेकरांना ओढत कडेला पळू लागल्या. गोजरबाई दगड घेऊन चाकाकडे धावली. दगड बसला. मी थांबलो. पण तिला मागे व्हायला सवड मिळाली नाही. गोजरबाई तिथेच गेली.

जुना पाइप काकासाहेबांनी स्वतः भंगारातून शोधून आणला. खंडेरावने तो बसवला. मग मी तोच चढ अगदी सहज चढलो, आणि ते सहज चढणेच दोघांना सोसले नाही. बरोबर आलेले काकासाहेब उतरून रस्त्यातच खाली बसले.

पुढे रोज पायथ्याशी खंडेराव उतरायचा आणि मागे जाऊन बघायचा. एकदा रस्ता पूर्ण मोकळा होता. तरी तो हळूच म्हणाला, "मावशे, बाजूला हो गं. गाडी चढतीय." आम्ही दोघे वाट पाहत राहिलो. कडेने घागरीला घागर लागल्याचा आवाज वर निघून गेला, तेव्हाच त्याने गिअर टाकला.

मित्रांनो, गाडीत काही बदलले तर तिला नुसत्या सपाट रस्त्यावर पळवून पाहू नका. चालवणारा "दम गेला" म्हणाला, तर ती त्याच दिवशी उभी करा. त्या दिवशी वस्ती तहानलेली राहिली असती. बस, इतकेच झाले असते.