तोंडात टाचण्या नाहीत

शिंपीणबाईंना तोंडात टाचण्या धरायची तीस वर्षांची खोड, आणि आज तीच नडत होती. दवाखान्याने दिलेल्या पाण्याने तीस सेकंद गुळण्या करायच्या, ते बाटलीत थुंकायचं आणि कुरियरने पाठवायचं. पण त्याआधी अर्धा तास तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, असं नर्सने बजावलेलं. बाईंनी सकाळपासून दोनदा घड्याळ लावलं आणि दोन्ही वेळा बाही मापता मापता टाचण्या ओठांत! पुन्हा पहिल्यापासून.

एचआयव्ही असला की एचपीव्ही नावाचा आणखी एक विषाणू घशात ठाण मांडू शकतो, पुढेमागे कॅन्सरही होऊ शकतो. त्यासाठी ही घरबसल्या तपासणी. पहिली बाटली भावाने गुपचूप कचऱ्यात टाकली होती. "दुकानात लोक येतात, ताई. अब्रूचे धिंडवडे निघतील!" ही दुसरी बाटली, आणि पाठवायचा आज शेवटचा दिवस. कुरियरवाला चारला येणार होता.

साडेतीनला नेहमीच्या गिऱ्हाईक असलेल्या प्राध्यापिका शिवायला टाकलेला कोट घालून बघायला आल्या. अर्धा तास भरायला पाच मिनिटं होती. बाईंचा हात सवयीने ओठांकडे गेला आणि थबकला.

"आज टाचण्या तोंडात नाहीत?" प्राध्यापिकांनी विचारलं.

"दाढ दुखतेय तिची," भाऊ घाईघाईने म्हणाला.

झालं! एकोणीस वर्षं हेच. कधी दाढ, कधी पित्त. गोळ्यासुद्धा बटणांच्या डब्यात लपवलेल्या. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दाढ ठणठणीत आहे. मला एचआयव्ही आहे. औषधं चालू आहेत, तब्येत उत्तम आहे, आणि आता मी घशाची तपासणी करणार आहे. कोट दुसरीकडे शिवायचा असेल तर खुशाल न्या."

भावाने कपाळावर हात मारला. प्राध्यापिकांचा एकच हात कोटाच्या बाहीत होता. त्यांनी दुसरा तळहात पुढे केला. "द्या, टाचण्या मी धरते."

पाच मिनिटं झाली. आत जायचं? छे! उघड्या दारात, मोठ्या आरशासमोर बाईंनी पाणी तोंडात घेतलं आणि भावाला बोटाने खुणावलं: मोज. गुळण्या अशा खळखळून केल्या की रस्त्यावरचे दोघे वळून बघायला लागले. भाऊ आधी पुटपुटत मोजत होता. तिसापर्यंत येता येता त्याचा आवाज मोकळा झाला. बाईंनी बाटलीत थुंकून झाकण घट्ट लावलं.

चारला कुरियरवाला आला. "यात काय आहे?"

भाऊ पुढे झाला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"माझ्या ताईची तपासणी आहे," तो म्हणाला. "नीट ने."

बाईंनी प्राध्यापिकांच्या हातातल्या चार टाचण्या उचलून ओठांत धरल्या आणि बाही मुडपायला घेतली.