कच्चा टाका

टण्ण!

मोरीत काहीतरी पडलं आणि दुपारची सामसूम मोडली. रोशनीनं आधी खोलीत डोकावून पाहिलं. चार वर्षांची नंदिनी आत्ता कुठे झोपली होती. एक पाय उशीवर, तोंड अर्धं उघडं. नाही उठली. मग तिनं खाली पाहिलं. धुवायला घेतलेली धम्मदीपची पँट झटकताना खिशातून एक लोखंडी पिन पडली होती. अंगठ्याएवढी जाड, आणि मधोमध वाकलेली.

ही पिन कुठली, ते तिला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर लहानसा, संत्र्याच्या दोन ओळींमधून निघेल एवढाच. जरीपटका वस्तीच्या गल्ल्यांत मोठा जेसीबी शिरत नाही, म्हणून पाइपांच्या नाल्या खोदायला या ट्रॅक्टरलाच मागून खोदायचा हात लावायचा, असं धम्मदीपनं मनावर घेतलं होतं. काल हिंगण्याला रुपराव मिस्त्रींच्या वर्कशॉपात त्याची ट्रायल झाली. "मख्खन चालते," घरी येऊन एवढंच म्हणाला होता. तो हात ट्रॅक्टरला जोडणाऱ्या या पिनेबद्दल चकार शब्द नाही.

तो जेवायला बसला तेव्हा तिनं ताटात, कांद्याच्या फोडीशेजारी, ती पिन ठेवली.

"हे काय, आज लोखंडाची भाजी का?" तो हसला.

"तुम्हीच सांगा. काल वाकली ना?"

"बकेट गोट्यात फसली थोडी. पिन बदलली का झालं. अवं, नांगर जोडतो तिथंच, थ्री पॉइंटवर लावलं का पाच मिनिटांत निघते. सकाळी खोदा, दुपारी ट्रॉली जोडा. मिस्त्री म्हणते खालून फ्रेम बसव, पार समोरच्या एक्सलपर्यंत. म्हणजे जोर फ्रेमवर येते म्हणे, ट्रॅक्टरच्या पाठीवर नाही. पण दिवस जाते ना त्याच्यात! शुक्रवारी गल्ली खोदाले घ्यायची हाय."

"अन् सावनेरच्या गोविंदाचं?"

तो घास चावत राहिला. गोविंदाची गोष्ट त्यानंच तिला सांगितली होती. बकेट मुळांत अडकली, वरून धरून ठेवणारी लिंक तुटली, आणि मागचं सगळं धूड उचलून चालवणाऱ्याच्याच अंगावर आलं. इकडून सीट, तिकडून लोखंड, मध्ये माणूस. गोविंदा वाचला. पण आता त्याची म्हातारी आई त्याला घास भरवते.

"माह्या मागं काहून लागली वं?"

"ते मागूनच तर येते," रोशनी म्हणाली.

धम्मदीपनं पिन उचलली, खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, आणि तसाच खरकट्या हातानं फोन लावला. "मिस्त्री, फ्रेमच बसवा गा. पण शुक्रवारी मले पाहिजे. घरच्या होममिनिस्टरचा हुकूम हाय."

ते तीन दिवस ती घरात होती, पण घरात नव्हती. हात शिलाई मशीनवर चालायचे. नंदिनी पाठीवर येऊन लोंबकळली की दचकायची, मग तिलाच कवटाळून बसायची. बाहेर एखादा ट्रक गेला आणि भांड्यांची मांडणी थरथरली, तरी मशीन थांबवून कान द्यायची. मनात एकच: ते धूड, आणि त्याच्यापुढे तिच्या माणसाची पाठ.

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. धम्मदीप आंघोळीला गेला होता, म्हणून तिनंच उचलला. मिस्त्रींच्या मागे ग्राइंडर कोकलत होता.

"वहिनी, टाके झाले! सांगजा त्याले, येऊन पाहून घे म्हणा!"

छातीवरचा पाटा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला झालं. धम्मदीप डोकं पुसत बाहेर आला, तर ती हसत होती.

"फ्रेम झाली म्हणते मिस्त्री."

"पक्की?"

"हो ना. टाके झाले म्हणे."

सकाळी सहाला तिनं डबा भरून दिला. झोपलेल्या नंदिनीच्या कपाळावर ओठ टेकवून तो निघाला तेव्हा, तीन दिवसांत पहिल्यांदाच, रोशनीला भीती वाटली नाही.

दहाच्या सुमारास ती शिवायला आलेलं बायजाबाईंचं ब्लाउज घेऊन बसली. पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके घालत होती. अंगावर बसतं का पाहायचं आणि मग उसवून टाकायचे, तसले. तेवढ्यात पुन्हा मिस्त्रींचा फोन.

"वहिनी, ट्रॅक्टर कुठी गेला?"

"गेले ना ते घेऊन. तुम्हीच तर म्हटलं, टाके झाले."

"अवं बाई, कच्चे टाके! वेल्डिंगचे नुसते ठिपके मारले हायेत, फ्रेम बसते का पाहाले. पक्की वेल्डिंग आज करणार होतो. चौकीदारानं सकाळीच गेट उघडून देल्लं त्याले! खोदू नको म्हणा, पहिले खाली उतर म्हणा!"

मिस्त्री टाके म्हणाले होते. पक्के म्हणाले नव्हते. 'पक्की?'ला 'हो' ती म्हणाली होती. जन्मभर कापड शिवणाऱ्या बाईला टाके कच्चेही असतात हे कुणी सांगायला हवं होतं?

तिनं धम्मदीपला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. अजून खोदायला घेतलं नसेल. चहा पीत असतील. गल्लीतली माणसं मोटरसायकली हटवत असतील. नंदिनी अंथरुणातून उठून येऊन तिच्या मांडीवर चढली.

तिसऱ्यांदा उचलला. कानात इंजिनाची घरघर घुसली. तिनं स्पीकर लावला.

"बोल वं!"

"खोदू नका! टाके कच्चे हायेत! उतरा खाली!"

"काय? ऐकू नाही येऊन राहिलं! जोरात बोल!"

"उतरा! उतरा तुम्ही!"

बकेट दगडावर खरडल्याचा आवाज आला. लांब, कर्कश. आणि मग सगळंच एकदम थांबलं. घरघर नाही, धम्मदीपचा आवाज नाही, कुणाचाच नाही. स्क्रीनवरचे सेकंद मात्र पुढे सरकत होते. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.

नंदिनीनं फोनला कान लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि मान वर करून विचारलं, "आई, बाबाचा ट्रॅक्टर काहून बंद झाला?"