पेंढ्यात बांधलेल्या काठ्या

गंगीबाईने उभ्या जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं, आणि बहुतेक वेळा ते खपूनही गेलं होतं. म्हणून किन्हवलीहून जीप निघाली तेव्हा मागच्या आडव्या बाकावर ती मोठ्या तोऱ्यात बसली होती. जीपच्या मागे दोन चाकांची ट्रॉली, ट्रॉलीवर फायबरची लहानशी होडी, होडीवर निळी ताडपत्री. ताडपत्रीखाली सुनेच्या गळाच्या तीन काठ्या. गाडी हाकायला लेक साईनाथ, त्याच्या शेजारी सून भूमिका. जायचं होतं घाट चढून पार उजनीच्या पाण्यावर. उद्या सकाळी तिथे गळाने मासे धरायची स्पर्धा होती, आणि नावं लिहून घेतलेल्या चाळीस माणसांत बाई एकच.

भूमिकाचं माहेर भातसाच्या पाण्याकाठचं. तिच्या बापाला मासा कळायचा, आणि बापाला जेवढा कळायचा त्याहून हिला जास्त. लग्न होऊन आली तेव्हा गंगीबाईने नाक मुरडलं होतं, की भाकरी थापायच्या वयात ही काठी धरून बसते. पण सुनेचं नाव स्पर्धेत लागलं तशी तीच गंगीबाई विहिरीवर, बाजारात, गिरणीत सांगत सुटली. कोणी हसलं तर त्याच्या सात पिढ्या काढल्या. आता सून काठ्या घेऊन पाण्यावर उभी राहिली पाहिजे, नाहीतर गावात तोंड दाखवायची सोय नाही, एवढं करून ठेवलं होतं तिने. शिवाय तिथला नियम कडक होता. काठी ज्याची त्याने आणायची, उसनी चालायची नाही.

काठ्या साडेसात फुटी, अखंड, मधे सांधा नसलेल्या. भूमिकाने त्यांच्यासाठी मोरीला लावतात तसला चार इंची पाइप आणला होता, दोन्ही तोंडांना झाकणं. रात्रीच काठ्या आत सरकवून ठेवल्या, आणि हलू नयेत म्हणून सकाळी जुन्या गोधडीच्या चिंध्या कोंबणार होती. पण गंगीबाई तिच्याआधी उठली. तिने पाइप हलवून बघितला, तर आत काठ्या खडखड वाजल्या. झालं. दीडशहाणीने आणलाय मोरीचा नळ, म्हणत तिने काठ्या बाहेर ओढल्या, नुकत्या झोडलेल्या भाताच्या मऊ पेंढ्यात गुंडाळल्या, आणि ओल्या पेंढ्याला पीळ देऊन केलेल्या दोरीने चार ठिकाणी आवळल्या. चाळीस वर्षं असेच भारे बांधून डोक्यावरून खळ्यात आणले होते. एकही कधी सुटला नव्हता. भारा तिने होडीत ताडपत्रीखाली सरकवला आणि पाइप गोठ्यात टाकला. चुलीपाशी गुंतलेल्या सुनेने आतून विचारलं, काठ्या ठेवल्या का. ही म्हणाली, बांधल्यात म्हटलं ना. खोटं काहीच नव्हतं त्यात.

सरळगावपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा. साईनाथ जपून हाकत होता, तरी ट्रॉली उडत होती. गंगीबाई मागच्या काचेतून बघत होती. पेंढ्याची एक काडी वाऱ्यावर भिरभिरत रस्त्यावर पडली. भाताचे दिवस आहेत, कुठल्या तरी टेम्पोतली असेल, असं तिने मनाला सांगितलं. थोड्या वेळाने आणखी दोन. मग चिमूटभर एकदम. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने तोंडावरची काडी झटकली तेव्हा मात्र तिने नीट बघितलं. ताडपत्रीचा मागचा कोपरा फडफडत होता, आणि काड्या तिथूनच निघत होत्या.

पुढे भूमिका नवऱ्याला सांगत होती, की दोन जाड काठ्या जवळ असल्या तरी सगळी भिस्त त्या पातळ काठीवर. त्या पाण्यात मासा हळू तोंड लावतो, आणि ते पातळ काठीवरच हाताला कळतं. गंगीबाईला वाटलं, ही पोर मुद्दाम आपल्या कानावर घालतेय. पण पोरीला काय ठाऊक.

टोकावड्याला चहाला थांबले. पाय मोकळे करते सांगून गंगीबाई मागे गेली आणि ताडपत्रीखाली हात घातला. सकाळची ओली दोरी वाऱ्याने वाळून कडक झाली होती आणि काठ्यांभोवती बांगडीसारखी सैल फिरत होती. तेव्हा तिला कळलं. शेतापासून खळ्यापर्यंतची दोरी ती. तेवढ्या वाटेत ती वाळतच नाही. पेंढा निम्मा उडाला होता. दोन काठ्या तळाशी पडल्या होत्या, आणि पातळ काठीचं टोक होडीतल्या बसायच्या फळीखाली अडकून धनुष्यासारखं वाकलं होतं. तिने ओढायला हात लावला आणि तसाच मागे घेतला. ओढताना मोडली तर? हात लावला नाही तर निदान आपल्या हातून तरी मोडायची नाही. तिने कोपरा खाली दाबला आणि परत आली.

चहा तिने घेतला नाही. साईनाथने विचारलं तर म्हणाली, उन्हाने जळजळतंय.

गाडी निघाली. आता प्रत्येक धक्का तिला आपल्या बरगडीत बसत होता. आता मोडली असेल. नाही, अजून नाही. आता नक्की. समोर डोंगर अंगावर यायला लागले. साईनाथ म्हणाला, एकदा घाट लागला की ट्रॉली घेऊन कुठे थांबता यायचं नाय, कोणाला काय हवंय तर आत्ताच बोला. भूमिका म्हणाली, चला, मला काय नको.

गंगीबाईने पदर तोंडाला लावला, काढला, पुन्हा लावला.

"साई, गाडी बाजूला घे."

"ओकारी येते का गो आई?"

"ओकारी कशाला येईल मला? काठ्या नळात नायत. नळ गोठ्यात हाय."

गाडी थांबायच्या आतच भूमिका उतरून मागे धावली. ताडपत्री उलटली, पेंढा बघितला, आणि सासूकडे न बघता फळीचे दोन्ही बोल्ट हाताने सैल केले. मग फळी उचलून पातळ काठी अलगद सोडवून घेतली. काठी सरळ झाली. गंगीबाईने श्वास सोडला. पण भूमिका दोन बोटांची टोकं काठीवरून सावकाश फिरवत होती, आणि टोकापासून वीतभर अंतरावर बोटं थांबली. तिथे केसाएवढी पांढरी रेघ होती.

"गेली," ती म्हणाली.

"अगो, सरळ तर हाय."

"सरळ दिसते. मासा लागला की तिथून तुटंल."

साईनाथचा तोल गेला. अक्कल विकायला काढलीस का, पाइप काय म्हशीला पाणी पाजायला आणला होता का, असं काय काय तो आईला बोलला. एरवी गंगीबाईने त्याला उभा सोलला असता. आज ती ट्रॉलीच्या चाकाकडे बघत राहिली. शेवटी भूमिकानेच त्याला गप्प केलं. ओरडून रेघ बुजणार नाय, उरलेल्या दोन जाड काठ्यांचं काय ते बघा, म्हणाली.

घाटात त्या होडीत ठेवून चालणार नव्हतं. जीपमध्ये कोपऱ्यातून कोपऱ्यात, पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत, तिरक्या घातल्या तर जेमतेम मावत होत्या. फक्त मग बाकावर कोणाला बसता येत नव्हतं. कोणी काही सांगायच्या आत गंगीबाई खाली पत्र्यावर बसली, पाय पोटाशी घेतले, आणि काठ्यांची मधली बाजू पदरात गुंडाळून मांडीवर घेतली.

घाटात वळणावळणाला काठ्या सरकायच्या आणि ती तळव्याने अडवायची. काठीवरच्या दोरा ओवायच्या कड्या हातात रुतत होत्या. वरून एक ट्रक अंगावर आल्यासारखा आला, साईनाथने ब्रेक दाबला, आणि तिचं डोकं दाराच्या कडीवर आपटलं. काठ्या जागच्या हलल्या नाहीत.

"आई, लागलं का?" भूमिकाने मागे वळून विचारलं.

"माझं सोड. जाड काठीवर तुला मासा कळंल का?"

"उशिरा कळंल," भूमिका म्हणाली. "एखादा सुटंलही."

"मग तिथं कोणी विचारलं, पातळ काठी कुठाय, तर सांग, सासूनं मोडली. तुझ्या हातनं मोडली असं नको वाटायला कोणाला."

"आणि गावात?"

गंगीबाईला गिरणी आठवली, विहीर आठवली, तिथली एकेक तोंडं आठवली.

"गावात मीच सांगीन," ती म्हणाली. "तू पुढं बघ. आणि त्याला सांग, वळणावर सावकाश घे म्हणावं."