डाव्या हाताची खळ

रविवारी सकाळी ताईने मला बोलावलं ते गाठ बांधायला. टेबलावर एक जुनी चादर पसरून तिने त्यावर आपली सगळी हत्यारं मांडली होती. घड्या दाबायची हाडाची पट्टी, दाभण, तीन सुऱ्या, सहा ब्रश. चादरीची चारही टोकं वर धरून ती म्हणाली, "बांध गं. माझ्या मनगटात जोर नाही."

माझी ताई पुस्तकं बांधते. नवी नाही, जुनी. वाळवीने चाखलेली, पाण्यात भिजलेली पुस्तकं तिच्याकडे येतात आणि पुन्हा उघडता-मिटता येतील अशी होऊन परत जातात. चौतीस वर्षं ती हेच करतेय. ती डावरी, आणि चार महिन्यांपूर्वी पायरीवरून घसरली तेव्हा मोडलं तेही नेमकं डावंच मनगट. हाड जुळलं. सुई चालायला लागली, सुरीही चालायला लागली. अडलं ते खळीपाशी.

पानं चिकटवायची ती खळ म्हणजे मिथाइल सेल्युलोजची पांढरी भुकटी, न शिजवता थंड पाण्यात चिमूट चिमूट सोडत तासभर ढवळलेली. हात थांबला की गुठळ्या होतात. घाई केली की बुडबुडे येतात, आणि एक बुडबुडा पानाखाली राहिला तरी ते पान फुगतं. बाजारातली तयार खळ ताईला चालत नाही, तीत काय घातलंय ते कळत नाही म्हणून. मिक्सरमध्ये फिरवून पाहिली तर दाढीचा फेस झाला. भावोजींनी ढवळली, ते दहाव्या मिनिटाला पेपर वाचायला लागले. मी ढवळली. माझ्या खळीबद्दल न बोललेलंच बरं.

"गुरुवारी ग्रंथपाल येणार आहेत," ताई म्हणाली. "त्यांचा नकाशांचा ग्रंथ आहे तसा परत देते. हे गाठोडंही त्यांनाच देणार. तिथे कोणी शिकलं तर शिकेल."

"आणि तू काय करणार?"

"मी काय, बसेन."

ताई आणि बसणार! आयुष्यात ही बाई जेवतानासुद्धा धड बसलेली मी पाहिली नाही. मला असा राग आला की मी ती गाठ तीनदा फिरवून, पाय लावून आवळली. गाठ आवळता आवळताच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तिथे ढवळायचं एक यंत्र आहे. खाली मोटर, मोटरवर लोहचुंबक, वर काचेचं भांडं आणि भांड्यात चुंबकाचीच एक बोटाच्या पेराएवढी कांडी. खालचा चुंबक फिरला की आतली कांडी त्याच्यामागे फिरते. ना दांडा, ना पाती. कॉलेजचं यंत्र काही घरी आणता येत नाही, पण त्यात आहे काय न जमण्यासारखं? मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "ताई, गुरुवारच्या आत तुझी खळ मोटर ढवळणार!"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," पेपराआडून भावोजी म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी मी यंत्र घेऊन हजर. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा, त्याच्याच हार्ड डिस्कमधले दोन चुंबक, वर डब्याचं झाकण. आतली कांडी मी स्वतः केली होती. प्लास्टिकच्या नळीच्या तुकड्यात चुंबक घालून दोन्ही टोकं गोंदाने बंद केली, म्हणजे गंजायला नको. काचेच्या भांड्यात पाणी भरलं, बटण दाबलं, आणि काय सांगू! पाण्याच्या मधोमध भोवरा पडला, थेट तळापर्यंत. मी टाळ्या वाजवल्या. भावोजी पेपर टाकून उठले. मला आकाश ठेंगणं झालं होतं.

"पाणी मी चमच्यानेही ढवळते," ताई म्हणाली. "खळ घाल."

मी मागे ढवळलेली ती फसलेली खळ बरणीत होती, मधासारखी घट्ट. ती ओतली आणि बटण दाबलं. कांडी जागच्या जागी थरथरली, मग टुणकन उडून भांड्याच्या कडेला जाऊन पडली आणि तिथेच टकटक करत बसली. खाली पंखा मजेत फिरत होता.

"झालं?" ताईने विचारलं आणि ती ब्रशचे रिकामे डबे पुसायला निघून गेली.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पंख्याचा वेग फार आणि जोर काहीच नाही, हे मला आधी कळायला नको होतं? मंगळवारी मी ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गेले आणि मोडीत काढलेल्या गाडीच्या दारातली मोटर मागितली. दाराची काच वर-खाली करते ना, ती. गती आपल्या हाताएवढी, पण ताकद अशी की चालू असताना चाक धरायला गेले तर मनगटच फिरलं. वेग कमी-जास्त करायचं गोल बटण माझ्याकडे होतं. चुंबक दोनाचे चार केले. राहिली बॅटरी. ती मी बुधवारी सकाळी भावोजींच्या स्कूटरमधून काढली.

"मेव्हणीबाई, मी कामावर कसा जाऊ?"

"चालत. डॉक्टरांनी सांगितलंच आहे तुम्हाला."

कॉलेजातून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. यंत्र खळीच्या टेबलावर मांडलं, तीच घट्ट खळ ओतली, बटण फिरवलं. कांडी हलली! एक फेरा, दोन फेरे, तिसऱ्याला टुणकन कडेला. पुन्हा मध्ये आणली, पुन्हा कडेला. सहाव्यांदा तेच झालं तेव्हा मी त्या मोटरला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं. ग्रंथपाल दुसऱ्या दिवशी येणार होते आणि दाराशी गाठोडं तयार होतं.

ताई डबे पुसत होती. पण तिची नजर भांड्यावर होती, आणि तिला राहवेना.

"अगं, असं कोणी ढवळतं का?"

"म्हणजे?"

"घट्ट झालेल्या खळीत हात घालून सुरुवात करतेस तू. माझाही हात अडला असता. पाण्यापासून सुरू करायचं. पाणी फिरतं ठेवायचं आणि भुकटी सोडत जायची. जसजशी घट्ट होईल तसतसा हात मंद करायचा. घाई केलीस की खळ हात सोडते."

कॉलेजात वीस वर्षं पोरांना सांगतेय, आधी विचार करा मग बटण दाबा, आणि घरी येऊन मीच ही अक्कल पाजळलेली. खळ तयार झाल्यावर ती ढवळायला निघालेली मी जगातली पहिलीच असेन.

भांडं धुतलं, स्वच्छ पाणी भरलं, कांडी टाकली. बटण फिरवलं. पाणी संथ फिरू लागलं. ताईने खुर्ची ओढली, भुकटीचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

"आता काय?"

"उलटं फिरतंय."

"अगं, खळीला काय कळतंय उलटं आणि सुलटं!"

"मला कळतं ना. सगळा जन्म मी डाव्या हाताने ढवळलं. हे असं फिरताना बघून मला गरगरतं. कुठे घट्ट होतेय तेच समजायचं नाही."

दुसऱ्या कोणाशी मी भांडले असते. पण ही मोटर काच वरही नेते आणि खालीही आणते. मी लाल तार काढून काळीच्या जागी लावली आणि काळी लालच्या जागी. बटण फिरवलं, आणि पाणी ताईच्या बाजूने फिरू लागलं.

"हां," ती म्हणाली. एवढंच.

मग तिने उजव्या हाताने भुकटी सोडायला सुरुवात केली. डावा हात, पट्टा बांधलेला, तिने बटणावर ठेवला. दोन बोटं पुरत होती. मी बाजूला उभी राहून नखं खात होते. पंधरा मिनिटांनी पाणी दुधाळ झालं, अर्ध्या तासाने जड. कांडी अडखळायच्या आधीच ताईची बोटं बटण किंचित मागे घ्यायची. तिला कसं कळत होतं कोण जाणे, मला तर काहीच दिसत नव्हतं. मी एकदा मध्ये हात घालायला गेले तर तिने माझ्या हातावर चापट मारली. चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्यावर उखडली आणि मला इतका आनंद झाला!

तासाभराने कांडी मिनिटाला जेमतेम दहा फेरे घेत होती, पण फिरत होती. भांड्यातली खळ काचेसारखी नितळ होती. एकही बुडबुडा नाही. ताईने दोन बोटांत थेंब घेऊन चोळला, नाकाशी नेला, पुन्हा चोळला.

"गुठळी?" मी विचारलं.

"नाही."

मी ओरडले. भावोजी, चालून चालून घामेजलेले, नेमके दारात आले आणि मी त्यांचे दोन्ही हात धरून गरागरा फिरवले. ते म्हणत होते, "आता बॅटरी मिळेल का?"

"आजच्या दिवस तरी नाही," ताई म्हणाली. "नकाशांची बारा पानं आत्ताच लावून घेते. उद्या ग्रंथपालांना ओली पानं दाखवते, म्हणजे ग्रंथ घरी न्यायचं नावसुद्धा काढणार नाहीत."

ती उठली, दारापाशी गेली आणि गाठोड्यापुढे उभी राहिली. उजव्या हाताने तिने गाठ ओढून पाहिली. मग डाव्याने. मग माझ्याकडे वळली.

"ये, सोड ही. माझे ब्रश आत आहेत."

मी खाली बसले. नखं लावली, दाभणही लावला असता, पण तो आतच होता. गाठ हलेना.

"इतकी घट्ट कोणी बांधतं का?" ताई म्हणाली.

"सोडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं," मी म्हणाले, आणि शेवटी ती गाठ दातांनी सोडली.