ढालकिड्यांची साफसफाई

बेटावरच्या लाल ठिपकेदार ढालकिड्यांना बुरशी लागली होती आणि ती मोजायचं काम संशोधक बाईंकडे होतं. किड्याच्या पाठीवर ती बारीक पिवळ्या केसांसारखी उगवते आणि अंगाला अंग लागलं की दुसऱ्यालाही लागते. म्हणून चाळीस किड्यांना चाळीस डब्या. कुणाच्या पाठीवर किती केस वाढले, ते रोज भिंगाखाली बघून लिहायचं. तीन आठवडे बाईंनी मान मोडून हे केलं होतं.

त्यात हवापालटासाठी दादा आला. त्यांचा थोरला भाऊ, हाडाचा घड्याळजी. रिकामं बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

एका दुपारी बाई बाहेरून आल्या आणि त्यांनी पहिली डबी उघडली. किड्याची पाठ लख्ख. दुसरीही लख्ख. सातवी बघून त्यांनी दादाला हाक मारली.

"दादा, या डब्यांना हात लावलास?"

"हात नाही, चिमटा लावला," दादा खुशीत म्हणाला. "काय गं घाण साचली होती. सकाळपासून एकेकाची पाठ साफ करतोय."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "ती घाण नव्हती. तेच माझं काम होतं."

दादाचा चेहरा पडला. त्याने खिशातून कागद काढला. पहिल्या बारा किड्यांचे किती केस काढले, ते त्यावर लिहिलं होतं. सुटे भाग लिहून ठेवायची जुनी सवय.

"आणि बाकीचे अठ्ठावीस?"

"साफ केले, पण लिहायचा कंटाळा आला."

बाईंनी कपाळावर हात मारला. झालं ते संस्थेतल्या साहेबांना कळवायला बसल्या, पण शब्द जुळेनात. शेवटी 'भावाने किडे साफ केले, सगळे जिवंत आहेत' एवढंच लिहिलं.

पुढचे चार दिवस दोघं दीपगृहाच्या भिंतीपाशी नवे किडे शोधत होते. "याचा तुला पगार मिळतो?" दादाने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा बाईंनी त्याच्या हातातली डबी हिसकावून घेतली.

पाचव्या दिवशी साहेबांचं उत्तर आलं. 'चाळीसपैकी एकही मेला नाही? आम्हाला बुरशी काढणं कधीच जमलं नाही, किडा दगावतो. भावाकडून पद्धत लिहून घ्या.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. शेजारच्या खोलीत दादा त्यांचं चांगलं चालणारं भिंतीवरचं घड्याळ उघडून बसला होता. उत्तर त्यांनी दोन दिवस त्याला दाखवलं नाही.