इंजिनाला भंडारा

मेलेल्या माणसाच्या गाडीतलं इंजिन आपल्या पोराच्या गाडीत बसलंय, हे कळल्यापासून म्हाळसाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

सांगितलं सून आशानं. दादाभाऊच्या जुन्या गाडीचं इंजिन जाम झालं, तेव्हा वारूळवाडीच्या गॅरेजवाल्या बंटीनं दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून तिच्यात घातलं. बंटी म्हणजे तिथल्या दुकानदार सुवालाल शेठचा नातू. दुकानाची गादी सोडून काळ्या तेलात हात घालणारा, पण कामाला चोख. मात्र ती दुसरी गाडी अपघातातली, तिचा ड्रायव्हर जागीच गेलेला. "आत्याबाई, तुमाला म्हणून सांगते," म्हणे! अगं बाई, सासूचा जीव टांगणीला लावण्यापेक्षा तोंडाला कुलूप लावायचं होतंस.

दादाभाऊला विचारलं, तर तो हसला. "आये, इंजिनाचं कूळ कोन इचारतं? लोखंड हाय ते."

लोखंड म्हणे! दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू करून, बॉनेट उघडं टाकून तो चहाला आत गेला. म्हाळसाबाईनं कमरेची पिशवी काढली, खंडोबाचं नाव घेतलं आणि भंडाऱ्याची मूठभर हळद इंजिनापुढं धरली. तिथं एक काळं नळकांडं तोंड वासून होतं. हात जवळ जायचा अवकाश, तळहातावरची हळद उडाली नि सुर्रकन आत गेली.

म्हाळसाबाई दोन पावलं मागं सरली. कुणीतरी तिच्या हातातून घेतलं होतं. घेतलं म्हणजे मानलं, असं तिनं मनाला समजावलं. पण मेलं भुकेलं असेल तर? रोज दिलेलं बरं. मग पोरगा चहाला गेला की ती गुपचूप द्यायला लागली.

हळूहळू गाडीचा जोर जायला लागला. सपाटीला ठीक, पण आळेफाट्याहून येताना आणे घाट लागला की पाय दाबून धरला तरी गाडी रांगायची, मागं काळाकुट्ट धूर. बंटीनं टर्बो तपासला, हवेचे पाईप बदलले, डिझेलचा फिल्टर नवा टाकला. हवेचा फिल्टर तेवढा उघडला नाही. इंजिनाबरोबर कोराच बसवला होता, त्याला काय धाड भरणार? "कायतरी येगळंच हाय राव," म्हणून त्यानं डोकं खाजवलं.

हे कानावर आलं मात्र, म्हाळसाबाईनं ताडलं. बंटीला सापडत नाही म्हणजे ते लोखंडातलं नव्हेच. त्याचं पोट भरत नाहीये. तिनं एकाच्या दोन मुठी केल्या.

पुढच्याच आठवड्यात आळेफाट्याच्या डॉक्टरला डोळे दाखवून मायलेक घरी निघाले. निम्म्या घाटात गाडीनं दम टाकला. दादाभाऊनं पाय पार तळाला टेकवला होता, कपाळाची शीर फुगली होती. मागून एक भरलेला ट्रक भोंगा वाजवत आला. त्याला कुठला धीर! तो ओलांडायला बाहेर पडला, समोर एसटी दिसली, तसा परत आत घुसला. गाडीचा आरसा काडकन तुटून गेला. म्हाळसाबाईला खिडकीत नुसती चाकं दिसली, पोराच्या खांद्याला भिडलेली.

"दादा!" ती किंचाळली. आता हा जातो, एवढंच तिला कळलं.

ट्रक घासून पुढं गेला. दादाभाऊनं गाडी कशीबशी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं. म्हाळसाबाई धडपडत उतरली. पिशवी तिनं ओंजळीत पालथी केली आणि ओंजळ नळकांड्याला लावली. "घे बाबा, सगळं घे, पन माझ्या लेकराला सोड!"

हळद सुर्रकन आत गेली.

"आये! ह्ये काय करतीस?"

"त्याला देते. रोजच देते."

"रोज?"

दादाभाऊनं तिची पिवळी ओंजळ पाहिली, नळकांडं पाहिलं. मग त्यानं इंजिन बंद केलं, काळ्या डब्याच्या क्लिपा काढल्या नि हवेचा फिल्टर बाहेर ओढला. कागदाच्या घड्या हळदीनं लिंपून गेल्या होत्या. कागद कुठं दिसत नव्हता.

"ह्याच्यातनं इंजिन वारा घेतं आये," तो हळूच म्हणाला. "नाकात बोळा घातल्यावानी झालंय. म्हून चढत नाय."

म्हाळसाबाई अडाणी असेल, येडी नव्हती. दोन मुठी केल्या तेव्हापासून गाडी जास्तच का बसली, ते तिच्या ध्यानात आलं.

"म्हंजी मगाशी तुला मारीत व्हते, ती मीच?"

दादाभाऊ फिल्टर कठड्यावर आपटत राहिला. पिवळी धूळ उडून त्याच्या शर्टावर बसली. मग तो तिच्यापुढं येऊन उभा राहिला नि त्यानं मान खाली केली. "गाडीला बास झालं आये. आता मलाच लाव."

पिशवीच्या शिवणीत चिमूटभर उरलं होतं. तिनं ते बोटांत धरलं. लहानपणी रोज लावायची तेच कपाळ समोर होतं. पण हात काही वर जाईना. मेलेला ड्रायव्हर तिच्या मनातून केव्हाच गेला होता. आता तिला भीती वाटत होती ती आपल्याच हाताची.